पगारी सूर

शुक्रवार, रात्री पावणेअकरा

आज अकॉर्डियन घरी आला. तीन आठवडे म्हणून दिला होता, अडीच महिने लागले. मी दर शनिवारी फोन करायचो आणि दुरुस्तीवाला दर शनिवारी "परवा या काका" म्हणायचा. पण माणसाचा हात चांगला आहे. समोर उघडूनच दाखवला त्याने. पेटी इतकी वर्षं हाताखाली असूनही मी याच्या पोटात कधी डोकावलो नव्हतो. आपल्या पेटीचे सूर, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभा, पितळी, याचे पोलादी. ते ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या पट्ट्यांवर बसवलेले आणि त्या पट्ट्या लाकडी ठोकळ्यावर मेणाने चिकटवलेल्या. एकेका पट्टीवर दोन सूर, एक भाता उघडताना बोलतो, दुसरा मिटताना. यंदाच्या उन्हाळ्यात मेण मऊ होऊन चार-पाच पट्ट्या जागच्या हलल्या होत्या, आणि भात्याच्या कोपऱ्यातून हवा जात होती ती वेगळीच.

पट्टे खांद्यावर चढवले तसं कंबरेने सांगितलं की हे दहा किलोचं प्रकरण आहे. हिने स्वयंपाकघरातून बघून "नातवाला घेताना एवढं जपून घेत नाही" असा शेरा मारला. खरंय.

जेवण झाल्यावर आर्ट व्हॅन डॅम हा अमेरिकन जाझ अकॉर्डियनवादक ऐकत बसलो. अडीच महिने वाद्य घरात नव्हतं तेव्हा हेच चाललं होतं. आज जरा त्या माणसाबद्दल लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात नुसतं घोळत राहील.

जन्म १९२० चा, मिशिगन राज्यातल्या नॉर्वे नावाच्या गावातला. नवव्या वर्षी अकॉर्डियन हातात आला. पुढे घर शिकागोला हललं. शिक्षण शास्त्रोक्त पाश्चात्त्य, पण कान बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटकडे. रेकॉर्डवरच्या त्या क्लॅरिनेटच्या जागा हा पोरगा अकॉर्डियनच्या पट्ट्यांवर उतरवून घ्यायचा. मग काही काळ बेन बर्नीच्या ऑर्केस्ट्रात. आणि १९४५ साली एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या शिकागो केंद्रात नोकरी. ती १९६० पर्यंत. पंधरा वर्षं!

मला सगळ्यात जास्त गंमत या नोकरीची वाटते. त्या काळी अमेरिकेतली मोठी रेडिओ केंद्रं वादक पगारावर ठेवायची, आणि वादकांची युनियनही भलतीच जबर होती. एनबीसीचे स्टुडिओ शिकागो नदीकाठच्या मर्चंडाइज मार्ट या अवाढव्य इमारतीत, एकोणिसाव्या मजल्यावर. रोज लिफ्टने वर जायचं आणि जो कार्यक्रम असेल त्यात वाजवायचं. डेव्ह गॅरोवेचा असो, डायना शोअरचा असो. शिवाय स्वतःच्या नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, त्याचे १३० भाग ध्वनिमुद्रित झाले. मी लेखा विभागातला माणूस, लगेच गुणाकार केला: साडेबत्तीस तास. तेवढ्यात आमचा अख्खा गणेशोत्सव आटपतो.

याच्या पाच वर्षं आधी, १९४० साली, आपल्याकडे ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं होतं. परदेशी वाद्य, मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, वगैरे. ते दार किलकिलं व्हायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे आमच्या पेटीचं हे मावसभावंड तिकडे रेडिओचा पगार खात होतं आणि आमची पेटी इकडे गेटाबाहेर. कारणं वेगळी, मला माहीत आहे. तरी चरफडायला काय जातं?

आता व्हॅन डॅमच्या पंचकाचा, म्हणजे पाच जणांच्या संचाचा आवाज. अकॉर्डियन, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवतात ते), गिटार, बास, ड्रम्स. पहिली तिघं मिळून एकच चाल वाजवतात. अकॉर्डियन उजव्या हाताने भरगच्च स्वरसमूह धरतो, व्हायब्राफोनची धातूची टोकदार ठिणगी त्याच्यावर, आणि मधली फट गिटार बुजवते. ऐकताना वाटतं, एकच कुठलं तरी चौथं वाद्य वाजतंय. दोन सूर मुद्दाम किंचित वेगळे लावून जत्रेतला तो थरथरता आवाज काढतात ना, तसं काही नाही. कोरडा, सरळ सूर. डावा हात बेसच्या बटणांवर फारसा जातच नाही, त्या कामाला बासवाला आहे. डाव्याचं काम भाता. आणि भाता असा की कुठे वळला ते कळत नाही. मी शंभर वेळा कान देऊन ऐकलंय. हे नुसत्या रियाजाने येत असेल असं मला वाटत नाही. त्याच चार माणसांबरोबर रोज सकाळी हजेरी लावली की येत असावं. समोरचा कुठे श्वास घेणार हे बघावं लागत नाही.

त्या चौघांची नावं लिहून ठेवतो, कारण ती कोणी घेत नाही. व्हायब्राफोनवर चक काल्झारेटा, गिटारवर फ्रेड रुंडक्विस्ट, बासवर लू स्कालिंडर, ड्रम्सवर मॅक्स मरायश. पन्नाशीच्या दशकातल्या एकामागून एक रेकॉर्डवर हीच मंडळी. 'डाउन बीट' मासिकाच्या कौलात अकॉर्डियनचा पहिला नंबर व्हॅन डॅमने लागोपाठ दहा वर्षं घेतला. अकॉर्डियनवाल्याला अकॉर्डियनचा नंबर, ठीकच आहे. पण रुंडक्विस्टची गिटार ऐका एकदा. इतकी नेमकी, इतकी कमी. असल्या माणसाला कौल बिल मिळत नाही, महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो.

इथे माझी गोष्ट येते, ती टाळून चालणार नाही. १९८४ साली एका नाटक कंपनीच्या दौऱ्यावर पेटीला यायचं का, असं मला विचारलं होतं. लेखनिकाची नोकरी लागून आठ महिने झाले होते. आई म्हणाली, "बघ बाबा." आमच्या घरात "बघ बाबा" म्हणजे नाही. गेलो नाही. पुढची चौतीस वर्षं मी तो नकार गोंजारला. भजनी मंडळात नीट लय धरता आली नाही तरी मनात यायचं, नोकरीने हात मारला आपला. परवा व्हॅन डॅमच्या नोकरीचं वाचलं आणि जरा चपापलो. त्याचा हात नोकरीने मारला नव्हता. अर्थात त्याला वाजवायचाच पगार होता आणि मला व्हाउचर तपासायचा. पण संध्याकाळी सहानंतरचे चौतीस वर्षांचे तास कोणी अडवले होते, हे मी आजवर स्वतःला विचारलेलं नाही. आजही अर्धवटच विचारलं.

दुसऱ्या टोकाला जो मूनी नावाचा अकॉर्डियनवाला. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा, दृष्टिहीन, अकॉर्डियन वाजवता वाजवता कानात सांगितल्यासारखं गाणारा. १९४६ साली त्याच्या चौकडीने (अकॉर्डियन, क्लॅरिनेट, गिटार, बास) धमाल उडवून दिली. मासिकांनी डोक्यावर घेतलं. दोन-तीन वर्षांत चौकडी मोडली. पुढे तो फ्लोरिडात ऑर्गन वाजवत राहिला, जेवायला आलेल्या लोकांसमोर. १९७५ साली तिकडेच वारला. त्याची ती सुरुवातीची रेकॉर्डिंगं मला व्हॅन डॅमपेक्षा जास्त आवडतात, हे प्रामाणिकपणे लिहितो. जास्त धोका आहे त्यांत. पण रोज रात्री ऐकायला मी व्हॅन डॅमच लावतो.

व्हॅन डॅमची नोकरी गेली तेव्हा काळच फिरला होता. टीव्हीचा कारभार न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसकडे सरकला, रॉक अँड रोल आलं, पोरांच्या हातात गिटार आली, आणि अकॉर्डियन म्हणजे काकालोकांचं वाद्य झालं. चाळिशीत माणसाने काय करावं? हा युरोपात गेला. जर्मनीत व्हिलिंगेन नावाच्या गावी एमपीएस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत १९६७ नंतर त्याने जे वाजवलंय ते पूर्वीपेक्षा मोकळं आहे. २०१० च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, कॅलिफोर्नियात वारला.

तिकडचा आणखी एक अकॉर्डियनवाला, फ्रँक मारोक्को, सिनेमाच्या स्टुडिओंतून शेकडो ध्वनिमुद्रणांत वाजवून गेला, जाझ उरलेल्या वेळात. आपल्याकडे केर्सी लॉर्ड तसेच. 'रूप तेरा मस्ताना'मधला अकॉर्डियन त्यांचा. ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? मुंबईच्या स्टुडिओंत पारशी आणि गोवेकर वादकांची अशी एक पिढीच्या पिढी उभी होती. दिवसा सिनेमा, रात्री हॉटेलात जाझ. त्यावर पुन्हा कधीतरी. आज डोळे मिटायला लागलेत.

शनिवार, सकाळ

उठल्या उठल्या अकॉर्डियन काढला. ही देवळात गेलेली, घरात कोणी नाही. काळी दोन धरली. पेटीवरचं एक साधं पद, त्याखाली त्या पंचकासारखे स्वरसमूह लावून बघायचे होते. नाही जमलं. बोटं सापडली तरी भाता वळताना प्रत्येक वेळी धक्का बसतो, उचकी लागल्यासारखा. वीस मिनिटांत घाम.

मग गंमत म्हणून एकेक पट्टी दाबून उघडताना आणि मिटताना ऐकत गेलो. मधल्या सप्तकातला पंचम उघडताना सुरेख लागतोय. मिटताना उतरलेला आहे, थोडासाच, पण उतरलेला. दोनदा, तीनदा बघितलं.

आज शनिवारच आहे. दहा वाजले की फोन करतो.