माझा अनुभव: मी नव्या घरात, लॅपटॉप जुन्याच घरात

‘दहाला बोलू,’ असं फोनवर ठरलं होतं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ८:१० पाहून मी निवांत अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर मोबाइलवर चार मिस्ड कॉल आणि वेळ साडेदहा.

घर बदलून दुसऱ्या टाइम झोनमध्ये आलो त्याला आठवडा झाला होता. सामान, नेट, सगळं बिनबोभाट लागलं. अडलं ते लॅपटॉपच्या घड्याळापाशी. ‘सिंक नाउ’ (वेळ जुळवण्याचं बटण) किती वेळा दाबलं याची गणती नाही. दर वेळी टिक यायची आणि घड्याळ दोन तास मागेच! नंतर कळलं, टाइम सर्व्हर (ज्याच्याशी लॅपटॉप वेळ जुळवतो तो नेटवरचा संगणक) फक्त यूटीसी, म्हणजे जगभराची एकच प्रमाणवेळ सांगतो. तुम्ही कुठल्या झोनमध्ये बसलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. (यूटीसी बरोबर असल्याने कॅलेंडरची आठवण मात्र योग्य क्षणी वाजायची, म्हणूनच आठवडाभर शंका आली नाही.)

हेल्पलाइनवाला म्हणाला, व्हीपीएन (नेटवर तुम्ही दुसरीकडेच आहात असं भासवणारी सोय) बंद करा. माझ्याकडे व्हीपीएनच नाही. मग रीस्टार्ट करा. मग पुन्हा रीस्टार्ट करा. शेवटी वैतागून लॅपटॉपवर नकाशा उघडला, तर निळा ठिपका थेट जुन्या घरावर! तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

बहुतेक लॅपटॉपांत जीपीएस नसतं. लॅपटॉप आसपासच्या वायफाय राउटरांचे मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि सिग्नलची ताकद टिपून लोकेशन सर्व्हिसला, म्हणजे ठिकाण शोधून देणाऱ्या ऑनलाइन सेवेला पाठवतो. तिथे त्या राउटरांची जी जागा नोंदलेली, तेच तुमचं ठिकाण, आणि त्यावरून झोन. माझ्या नव्या घराला शेजार नाही. सिग्नल दोनच, माझा राउटर आणि माझा रिपीटर (वायफाय लांबवर पोचवणारा डबा), दोन्ही जुन्या घरून आणलेले. दोन्ही साक्षीदार फितूर! मोबाइलला वेळ टॉवरकडून मिळते, म्हणून तो शहाणा ठरला.

विंडोजमध्ये ‘सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली’ बंद करा, मग झोन हाताने निवडा. ते चालू असताना झोनची यादी उघडतच नाही. मी तिच्यावर उगाच क्लिक करत बसलो होतो. मॅकवर (ॲपलच्या संगणकावर) हाच स्विच ‘डेट अँड टाइम’च्या सेटिंगमध्ये आहे. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: सगळ्यात पहिल्यांदा नकाशा उघडून ठिपका बघा. माझे दोन दिवस वाचले असते.

दीड महिन्याने ऑटोमॅटिक पुन्हा चालू करून पाहिलं. ठिपका नव्या घरावर. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मोबाइलांनी जीपीएसच्या जोरावर माझ्या राउटरचा नवा पत्ता कळवला असणार. स्विच मी तरीही बंदच ठेवलाय.