क्रॅव्हॅट अपडेट: खळ जमली, आता टेलकोट

मंडळी, ब्रमेल प्रोजेक्टमधला (1800 च्या आसपास लंडनमध्ये पोशाखासाठी गाजलेला ब्रमेल, त्याच्यासारखे कपडे करतोय) क्रॅव्हॅट, म्हणजे गळपट्टा, एकदाचा मार्गी लागलाय. पातळ मलमलीचा मोठा चौकोन, कर्णावर दुमडून त्रिकोण, मग घड्या घालत रुंद पट्टा, तो पुढून गळ्याला लावायचा, टोकं मागे क्रॉस करून परत पुढे आणायची आणि साधी गाठ मारायची. इथपर्यंत कुणालाही जमेल, खरी मजा पुढेच आहे.

ब्रमेलचं चरित्र 1844 मध्ये आलं, त्यात त्याची पद्धत दिलीये. शर्टाची कॉलर एवढी उंच की दुमडायच्या आधी अख्खं तोंड झाकलं जायचं, त्यावर फूटभर उंचीचा गळपट्टा, आणि मग आरशासमोर उभं राहून हनुवटी छताकडे करायची आणि जबडा हळूहळू खाली आणायचा, त्या दाबानेच चुण्या पडतात. हाताने पाडलेल्या चुण्या लगेच ओळखू येतात, फार सरळ दिसतात त्या. सगळा खेळ खळीचा आहे: कमी पडली की कापड मान टाकतं, जास्त झाली की वळायच्या ऐवजी मधेच कडक मोडतं, आणि ती मोड धुतल्याशिवाय जात नाही!! मी सध्या अगदी पातळ खळ घेतो आणि कापड ओलसर असतानाच इस्त्री फिरवतो. त्याचा नोकर वाया गेलेल्या गळपट्ट्यांचा ढीग खाली घेऊन जायचा हा फेमस किस्सा आहे ना, तो मला आता अजिबात अतिशयोक्ती वाटत नाही, कारण एकदा चुकीची चुणी पडली की दुसरं धुतलेलं कापडच लागतं.

आणि इथेच मला डँडीपणाची, म्हणजे ब्रमेलसारख्यांच्या पोशाखाच्या शौकाची, खरी गोम दिसते. डँडी म्हणजे भडक, झगमगीत माणूस असं लोक धरून चालतात, पण भडक होते ते 1770 च्या आसपासचे मॅकरोनी म्हणवले जाणारे नटवे तरुण. ब्रमेल दिवसा निळा कोट, फिकट वेस्टकोट आणि पांढराशुभ्र गळा, बस. (केसांची पावडरही सोडलेली, 1795 पासून इंग्लंडमध्ये तिच्यावर वर्षाला एक गिनी (जुनं इंग्रजी नाणं) टॅक्स होता.) तो कुठला सरदार नव्हता, वडील पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचे प्रायव्हेट सेक्रेटरी, तरी प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे युवराजाच्या, गोटात जाऊन बसला. रेशीम आणि जरतार पैसा आला की कुणीही विकत घेईल, पण कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या लंडनमध्ये रोज पांढरं राहायचं तर मागे कुणीतरी सतत धुवत, खळ घालत, इस्त्री करत असावं लागतं. साधेपणा कसला, रोजचा धुलाईचा खर्च तो! डँडींवर इतकं लिहिलं गेलंय, धुणाऱ्या बायकांचं नाव मात्र कुठे सापडत नाही. 1816 मध्ये तो कर्जापायी फ्रान्समध्ये कॅलेला पळाला, त्यात नवल नाही.

आता टेलकोट, मागे लांब शेपट्या असलेला कोट. त्याचं कापड ब्रॉडक्लॉथ, म्हणजे विणून झाल्यावर पाण्यात कुटून आटवलेली लोकर, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, कडा न दुमडता तशाच ठेवता येतात. शिवाय वाफेच्या इस्त्रीने छातीवर आणि कॉलरजवळ कापड ताणून, आवळून आकार देता येतो, रेशमाला हे जमत नाही, म्हणूनच कोट अंगाबरोबर बसायला लागले. मी आधी साध्या सुती कापडात कच्चा टाका घालून ट्रायल करतोय, पाठ बरी बसतीये, बाही अजून खांद्याशी ओढतीये. आजकालची मेल्टन लोकर (तशीच आटवून घट्ट केलेली) वापरून कुणी कडा तशाच ठेवल्यात का? किती जाड घेतली आणि कडा टिकल्या का, तेवढं सांगा, मग कापड घेतो.