शेवटच्या भागात हरवलेला बिल्बो

शनिवार, रात्री उशिरा

‘द हॉबिट’चा शेवटचा भाग, ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’, आज पुन्हा पाहिला. २०१४ साली थिएटरातून बाहेर पडताना जशी चुटपुट लागली होती तशीच आजही लागली.

मूळ पुस्तक १९३७ सालचं, जेमतेम तीनशे पानांचं, टॉल्किन यांनी मुलांसाठी लिहिलेलं. बिल्बो हा हॉबिट, म्हणजे माणसासारखाच पण बुटका जीव, ड्वॉर्फांबरोबर (खुज्या दाढीवाल्यांबरोबर) त्यांचं ड्रॅगनने बळकावलेलं सोनं परत मिळवायला निघतो, ही त्यातली गोष्ट. त्यावर आधी दोनच चित्रपट ठरले होते. २०१२च्या जुलैत दोनाचे तीन झाले. माझ्या मते घोळ तिथेच झाला. दुसरा भाग स्मॉग या ड्रॅगनवर आणून तोडला, आणि इथे शीर्षक झळकायच्या आतच तो मरतो. मग उरते ती लढाई. जवळजवळ पाऊण तास नुसती लढाई!

पुस्तकात बिल्बोला दगड लागतो, तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर होते. युद्ध काय असतं हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं, तरी त्यांनी ते असं बाजूला ठेवलं. मला ही त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी समज वाटते. चित्रपटातही बिल्बो बेशुद्ध पडतो, पण लढाई काही थांबत नाही. लेगोलास हा एल्फ योद्धा कोसळत्या पुलाच्या दगडांवरून जिना चढावा तसा धावत सुटतो. मूळ गोष्टीत तो नाहीच. टॉरिएल आणि आल्फ्रिड ही तर चित्रपटवाल्यांनीच घातलेली पात्रं. त्यांच्यावर वेळ जातो आणि ज्या तेरा ड्वॉर्फांबरोबर आपण इथवर आलो, त्यांतले बहुतेक गर्दीत दिसेनासे होतात. ड्वॉर्फांचा म्होरक्या थॉरिन आणि त्याचे भाचे फिली, किली मरतात, पण त्यांचे अंत्यसंस्कार थिएटरच्या आवृत्तीत नाहीतच.

आणि तरी यातच ते ओकच्या फळाचं दृश्य आहे. सोन्याच्या हव्यासाने भ्रमिष्ट झालेला थॉरिन दरडावून विचारतो, हातात काय आहे? बिल्बो मूठ उघडतो. वाटेत भेटलेल्या बियॉर्नच्या बागेतून उचललेलं एक फळ, घरी नेऊन लावायला. थॉरिनचा चेहरा हळूहळू निवळतो, तो चक्क हसतो. मग ड्वालिन हा ड्वॉर्फ निरोप घेऊन येतो आणि ते हसू जागीच विरतं. रिचर्ड आर्मिटेज (थॉरिन) आणि मार्टिन फ्रीमन (बिल्बो) यांनी त्या दोन मिनिटांत जे केलंय, ते पाच सैन्यांना मिळून जमलेलं नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सनना हे येत होतं! म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

जॅक्सन यांच्याच ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मालिकेतल्या ‘रिटर्न ऑफ द किंग’चा शेवट लांबला म्हणून लोकांनी नावं ठेवली होती, मला तो आणखी लांबला असता तरी चाललं असतं. इथे बिल्बो परततो तर दारात सामानाचा लिलाव चाललेला, आणि मग सगळं भराभर गुंडाळलं जातं. ज्याच्यासाठी दर डिसेंबरला तिकीट काढलं, त्याला इतक्या घाईने घरी सोडायला नको होतं.