आधी मोजणी, मग मागणी

भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची मागणी घेऊन आमचा स्वयंसेवकांचा छोटा गट महापालिकेच्या आरोग्य विभागात जाऊ लागला, तेव्हा दर भेटीत एकच प्रश्न समोर येई: कुत्रे एकूण किती आहेत, आणि त्यांपैकी कितींची शस्त्रक्रिया झाली आहे? २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या दीड कोटींहून थोडी अधिक नोंदवली गेली होती, पण त्या आकड्यावरून आमच्या प्रभागातल्या मटण बाजारामागे किती माद्या व्यायला आल्या आहेत हे कळणार नव्हते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची असल्यामुळे कायदा आमच्या बाजूला होता. कमी होती ती माहितीची. म्हणून निवेदने काही काळ बाजूला ठेवून एका प्रभागाची रीतसर गणना करायचे आम्ही ठरवले.

त्याआधी आम्ही वाचन केले, आणि त्यात जयपूरचा अभ्यास सर्वाधिक उपयोगी पडला. तेथे ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून शहराच्या ठरावीक भागात निर्बीजीकरण आणि लसीकरण सातत्याने चालवले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या भागातील सुमारे ६५ टक्के माद्यांवर शस्त्रक्रिया झाल्यावर कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटलेली होती आणि माणसांमधील रेबीजची प्रकरणे तेथे शून्यावर आली होती. हिशेब एकूण शस्त्रक्रियांचा न ठेवता एका भागातील माद्यांच्या प्रमाणाचा ठेवला गेला, हे आम्हाला विशेष वाटले. एकही नर सुटला तरी तो अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे नरांच्या शस्त्रक्रियांनी अहवालातला आकडा फुगतो, पिल्ले मात्र तितकीच जन्मतात. गोव्यात २०१३ पासून चाललेल्या ‘मिशन रेबीज’ या संस्थेच्या, कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्याच्या मोहिमेतून दुसरी गोष्ट घेतली. तेथे लस टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण केली जाते आणि नंतर त्याच भागात फिरून खूण असलेले व नसलेले कुत्रे मोजले जातात, म्हणजे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचे उद्दिष्ट गाठले की नाही हे लगेच समजते.

प्रत्यक्ष गणना आम्ही पहाटे केली, कारण त्या वेळी वाहने कमी असतात, सफाई कामगार अजून आलेले नसतात आणि कुत्रे रस्त्यावर दिसतात. नकाशावर गल्ल्यांचा मार्ग आधीच आखून दोघादोघांच्या जोड्या पाडल्या. प्रत्येक कुत्र्याचा फोटो, नर की मादी, कानाला शस्त्रक्रियेची खाच आहे का, मादी पिल्लांना पाजते आहे का, आणि खरूज दिसते का, एवढेच टिपायचे होते. अंगावर रंग टाकण्याऐवजी आम्ही फोटोंवर भिस्त ठेवली. ठिपके, शेपटीचा बाक, कानाची ठेवण यांवरून बहुतेक कुत्रे ओळखता येतात, फक्त एकसारखे तांबूस कुत्रे डोकेदुखी ठरतात. दारातल्या, गळ्यात पट्टा असलेल्या पण दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याला भटका म्हणायचे की पाळीव, यावर गटात बराच वाद झाला, आणि शेवटी अशांसाठी वेगळा रकाना केला.

एका फेरीत सगळे कुत्रे दिसत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी तोच मार्ग पुन्हा चालायचा असतो. त्यामागचे गणित सोपे आहे: पहिल्या दिवशी ६० कुत्र्यांचे फोटो मिळाले, दुसऱ्या दिवशी ५० दिसले आणि त्यांत आदल्या दिवशीचे ३० निघाले, तर एकूण संख्या साधारण १०० धरता येते. मात्र प्रत्येक कुत्रा दिसण्याची शक्यता सारखीच आहे, असे हे गणित गृहीत धरते. मटणाच्या दुकानापुढचे धीट कुत्रे दोन्ही दिवशी भेटतात आणि गटाराच्या पाइपात दडलेल्या बुजऱ्या माद्या एकदाही भेटत नाहीत, त्यामुळे अंदाज खऱ्या संख्येपेक्षा कमीच येतो. अहवालात हे आम्ही स्पष्ट लिहिले, आणि माझ्या मते त्यामुळेच तो गांभीर्याने वाचला गेला.

कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या मावशी आणि आजोबा सुरुवातीला आमच्याकडे संशयाने पाहत, कारण मोजणी म्हणजे पकडून नेण्याची तयारी असा त्यांचा समज होता. पकडलेल्या कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर जिथून उचलले तिथेच सोडावे, असे २०२३ च्या नियमांत लिहिलेले त्यांना छापील दाखवल्यावर त्यांनीच आम्हाला दडलेल्या माद्यांच्या जागा सांगितल्या.

गणनेबरोबर आम्ही घरोघरी प्रश्नावलीही नेली. ‘तुम्हाला प्राणी आवडतात का?’ हा प्रश्न त्यात मुद्दाम ठेवला नाही. दारात उभ्या असलेल्या प्राणीप्रेमी स्वयंसेवकाला तोंडावर ‘नाही’ कोण म्हणणार? त्याऐवजी गेल्या वर्षात घरात कोणाला कुत्रा चावला का, जखम साबणाने पंधरा मिनिटे धुतली का, लशीचे सगळे डोस घेतले का, असे घडलेल्या गोष्टींचे प्रश्न विचारले. कानाला खाच असलेल्या कुत्र्याची शस्त्रक्रिया झालेली असते, हे फार थोड्यांना माहीत असल्याचे त्यातून दिसले.

यावरून पत्रकांची चाचणी सुचली. चिठ्ठ्या टाकून काही गल्ल्यांत दयाभावाला हात घालणारे पत्रक वाटले, आणि बाकीच्या गल्ल्यांत कानाच्या खाचेची खूण, जखम धुण्याची पद्धत व खाच नसलेली मादी दिसल्यास कळवण्याचा क्रमांक देणारे. पत्रक कोणाला आवडले हे आम्ही विचारले नाही. कोणत्या गल्लीतून फोन येतात एवढेच नोंदवले. दुसऱ्या पत्रकाच्या गल्ल्यांतून अधिक फोन आले. गल्ल्या थोड्या असल्याने यावर मोठा दावा करता येणार नाही, पण पुढच्या छपाईचा पैसा कुठे घालायचा हे ठरवायला ते पुरेसे होते. दयेचे पत्रक लिहिणारे आमचे ज्येष्ठ सहकारी काही दिवस नाराज होते, ते ओघाने आलेच.

या सगळ्यामुळे महापालिकेकडची आमची मागणीच बदलली. ठेकेदाराला शस्त्रक्रियेच्या नगावर पैसे मिळत असतील, तर तो सहज हाती लागणारे कुत्रे कुठूनही उचलतो. म्हणून कामाचा आदेश प्रभागवार काढावा, खाच असलेल्या माद्यांचे प्रमाण त्रयस्थाने मोजावे आणि एक प्रभाग पुरता झाल्यावरच पुढच्या प्रभागाला हात घालावा, असे आम्ही लेखी मागितले. बऱ्याच हेलपाट्यांनंतर एका प्रभागापुरते ते मान्य झाले आहे. आपल्याकडे कुत्र्यांची बरीचशी पिल्ले पावसाळा सरल्यावर आणि थंडीत जन्मतात, म्हणून पुढची गणना पहिल्या गणनेच्याच महिन्यात, त्याच मार्गाने होईल, आणि त्या वेळी पाजणाऱ्या माद्यांचे प्रमाण आधी पाहिले जाईल.