वूदांगच्या माथ्यावर एक ओतारी

चीनच्या हुबेई प्रांतातलं शीयेन हे ट्रकच्या कारखान्यांचं शहर. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीमालक काकांसोबत दुभाषी म्हणून मी तिथे गेले होते. रविवारी बैठका नव्हत्या, तेव्हा जवळचा वूदांग पर्वत बघायचं ठरलं. ताओ या चीनच्या जुन्या धर्मपंथाचं हे मोठं तीर्थ. इथला देव झेनवू, त्याची खूण कासव आणि साप.

१६१२ मीटर उंचीच्या तियानझू शिखरावर सुवर्णमंदिर आहे. लांबून लाकडीच वाटतं, पण खांबांपासून कौलांपर्यंत सगळं कांस्याचं, वर सोन्याचा मुलामा. गाईड मिंग घराण्यातल्या योंगले सम्राटाबद्दल सांगत होती. पुतण्याकडून गादी बळकावल्यावर देवाचा कौल आपल्याच बाजूने आहे हे दाखवायला त्याने इथे देवळं उभारली. हे मंदिर १४१६ सालचं. मी मराठीत सांगत होते, पण काकांचे डोळे कोपऱ्यातल्या सांध्यावर खिळलेले.

"ताई, हिला विचारा, इथंच ओतलं का खालनं आणलं?"

भाग बीजिंगला ओतले, कालव्यातून आणि नद्यांमधून नावांवर आणले, डोंगर चढवून इथे खाचाखुंट्यांनी जोडले. नावा जपून न्या, असं खुद्द सम्राटाचं फर्मान होतं.

"धातू निवला की आकसतो," काका म्हणाले. "एवढे भाग आकसून बी जागच्या जागी बसल्यात. आजबी सोपं न्हाई हे." मग मुलाम्याचं विचारलं. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि आचेवर पारा उडवून द्यायचा, हे गाईडने सांगितलं तसं ते गप्प झाले. "तो धूर किती जणांच्या छातीत गेला असंल!" हा प्रश्न मी गाईडला विचारला. तिने पुन्हा सम्राटाचंच नाव घेतलं, आणि मला ते फार लागलं.

थोडं खाली त्याहून जुनं, १३०७ सालचं छोटं कांस्य मंदिर आहे. वूचांगला, म्हणजे आजच्या वुहान शहरात, ओतलेलं. योंगलेचं नवं मंदिर आलं तेव्हा माथ्यावरून ते इथे हलवलं. आता ते दुसऱ्या देवळाच्या पोटात आहे आणि भोवतीच्या अंधाऱ्या, चिंचोळ्या बोळातून लोक नशीब पालटावं म्हणून अंग चोरून फेरी मारतात. इथे धातू हाताला लागतो. काकांनी बोटांनी सांधे चाचपले आणि बोट एका कोरीव ओळीवर थांबलं.

"हे काय लिवलंय?"

पैसे देणाऱ्या साध्या भाविकांची नावं होती ती.

"आपल्याकडं पायरीवर घालत्यात तशी! वाचा की."

मागून रांग रेटत होती. मोबाईलचा उजेड धरून जेवढी लागली तेवढी नावं मी मोठ्याने वाचली.