पाव किलोच्या आतलं पापलेट आम्ही घेत नाही

आमचा धंदा आईच्या टोपलीतून सुरू झाला. सातपाटी बंदरावर लिलावात माल घ्यायचा, वर बर्फ टाकायचा आणि पालघरहून गाडी धरून दादर गाठायचं. सुट्टीत मीही तिच्यासोबत जायचे. पापलेट कसं बघायचं ते तिनेच शिकवलं. अंगठ्याने दाबलं की मांस लगेच वर आलं पाहिजे, कल्ले लाल हवेत, बोटांना चंदेरी चमक लागली पाहिजे. आजही प्रत्येक नग मी असाच बघून घेते.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद झाले आणि आईची जुनी गिऱ्हाइकं फोन करू लागली. भावाने टेम्पो काढला. मी घरीच माल साफ करून थर्माकोलच्या पेट्या भरायचे: बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फ. जेवढी मासळी, तेवढाच बर्फ. त्यात आम्ही कधी काटकसर केली नाही.

पुढे एका हॉटेलची मोठी ऑर्डर मिळाली. त्यांना ताटलीत एक बसेल असं लहान पापलेट हवं होतं. एक हंगाम आम्ही ते पुरवलं. एका सकाळी पेटी उघडली तर किलोला दहा-बारा नग, तळहातात मावणारे. आई म्हणाली, "अगं, ही पोरं आहेत. यांनी अजून अंडीही घातली नाहीत." त्याच आठवड्यात ऑर्डर सोडली. दोन महिने फार ओढाताण झाली, टेम्पोचा हप्ताही थकला. पण तेव्हापासून पाव किलोच्या आतलं पापलेट आम्ही घेतलेलं नाही.

२०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झालं, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पकडायच्या पापलेटाचं किमान माप सरकारने १३५ मिलिमीटर ठरवलंय. माझ्या मते ते आणखी वाढायला हवं, एवढं पापलेट म्हणजे पोरच. मात्र लहान मासळी पकडल्याचा सगळा दोष तांडेलावर, म्हणजे बोटीच्या प्रमुखावर, टाकू नये. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, सगळं त्याच्याच डोक्यावर असतं. घेणाऱ्याने मोठ्या मालाला चांगला दर दिला, तरच तो बारीक आसाची, म्हणजे लहान छिद्रांची, जाळी बाजूला ठेवेल. म्हणून आम्ही मोठ्या नगाला किलोमागे थोडे जास्तच मोजतो.

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा आमच्याकडे फक्त सुके बोंबील आणि जवळा. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा फोन वाजू लागतात. कुणी स्वस्तातलं लहान पापलेट मागितलं तर सांगते, मांदेली घ्या, ती वाढून तेवढीच होते.