आयओडीआधी सोसायटीने नकाशात काय तपासायचं

पुनर्विकासाच्या सभेत भांडणं होतात ती वाढीव कार्पेट एरिया आणि कॉर्पसवरून (बिल्डर सोसायटीला देतो तो निधी). नकाशा मात्र कोणी उघडून बघत नाही. मुंबई महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याची आयओडी, म्हणजे नकाशांना मिळणारी अटींसह मंजुरी, हातात पडेपर्यंत थांबलात, तर नंतरचा प्रत्येक बदल बिल्डरच्या मेहेरबानीवर.

सुरुवात रस्त्यापासून. मुंबईच्या उपनगरात मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) 1. त्यावर प्रीमियम (पालिकेला पैसे भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) किती चढणार हे डीसीपीआर 2034, म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. 9 मीटरच्या रस्त्यावर एकूण 2 पर्यंत, 27 मीटरच्या पुढे 2.5 पर्यंत, वर 35 टक्के फंजिबल (भरपाईदाखल मिळणारा जादा एफएसआय) वेगळा. त्यामुळे डीपी रिमार्क (विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय दाखवलंय याचा पालिकेचा दाखला) स्वतः काढा आणि रस्ता आज किती रुंद आहे, आराखड्यात किती दाखवलाय हे दोन्ही आकडे बघा. रुंदीकरणाची रेघ तुमच्या कंपाउंडमधून जात असेल तर तेवढी जागा सेटबॅकमध्ये, म्हणजे रस्त्यासाठी सोडण्यात गेली. मोबदला एफएसआयच्या रूपात मिळतो, पण इमारत मागे सरकते आणि मागची मोकळी जागा आक्रसते.

उदाहरणार्थ, प्रॉपर्टी कार्डावर 1200 चौरस मीटर, सेटबॅक 90, उरले 1110. 1000 च्या वरच्या भूखंडाला 15 टक्के मनोरंजन जागा सोडावी लागते, म्हणजे साधारण 166 चौरस मीटर. ही जागा नकाशात कुठे आहे ते शोधा. बऱ्याचदा ती कंपाउंडच्या कडेला पट्ट्यापट्ट्यांत विखुरलेली सापडते, जिथे पोरांना चेंडूही टाकता येणार नाही.

उंचीचा घोळ तर पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर पट्ट्यात ठरलेलाच. विमानतळ प्राधिकरणाच्या एनओसीतला आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, जमिनीपासूनचा नव्हे. परवानगी 58 मीटरची आणि प्लॉटची पातळी 6.5 असेल, तर हातात 51.5 मीटर. त्यातच लिफ्टची मशीनरूम, गच्चीवरची टाकी, अँटेना, सगळं बसवायचं. ब्रोशरमधले वरचे दोन मजले कधीकधी इथेच गळतात, आणि ते नेमके विक्रीचे असल्याने पुढे कात्री रहिवाशांच्या सोयींना लागते.

32 मीटरच्या वर गेलात की इमारत हायराइज. मग फायरच्या अटी कडक होतात. रेफ्यूज एरिया (आग लागल्यावर रहिवाशांनी थांबायची सुरक्षित जागा) ज्या मजल्यांसाठी आहे त्यांच्या क्षेत्राच्या 4 टक्के हवा. बंब फिरायला 6 मीटरची मोकळी वाट हवी, आणि घोडं अडतं ते इथेच. नकाशात वाट 6 मीटर दिसते, पण तिच्यात कार लिफ्टचा खड्डा, सबस्टेशनची पायरी, गेटचा खांब घुसलेला असतो. वाटेखाली जमिनीतली टाकी किंवा बेसमेंट असेल तर वरचा स्लॅब बंबाचा भार घेईल असा डिझाइन केलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, घेतलंय’ चालणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद: सवलतींचा प्रस्ताव. मोकळ्या जागेतली तूट, पार्किंगची कमतरता, जिन्या-लॉबीचं क्षेत्र एफएसआयबाहेर धरणं, यासाठी आर्किटेक्ट पालिका आयुक्तांकडे सवलत मागतो आणि प्रीमियम भरला जातो. बाजूची मोकळी जागा किती हवी होती, किती दिली आणि तूट किती टक्के, याचा तक्ता त्यात असतो. तुमच्या बेडरूमच्या खिडकीसमोर किती उजेड उरणार ते ब्रोशरच्या चित्रात नाही, या तक्त्यात कळतं. त्याची प्रत मागा.

आयओडी मिळाली म्हणजे काम सुरू, असं नाही. आधी तिच्यातल्या अटींची पूर्तता, मग जोत्यापर्यंतची सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला). जोतं तपासून झाल्यावर पुढची. या दरम्यान सुधारित नकाशे सादर होतच राहतात. अर्ज सोसायटीच्या कुलमुखत्यारपत्रावर बिल्डरच करतो, त्यामुळे कमिटीला पत्ताही नसतो. म्हणून विकास करारात एक कलम हवंच: कुठलाही सुधारित नकाशा सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय खात्यात सादर होणार नाही, आणि सादर केलेल्या प्रत्येक नकाशाची प्रत सात दिवसांत कमिटीला मिळेल.